क्रॉपीची गरी माशाच्या वर हवी

पत्र:

ताई, मी मूळचा देवगडचा, सध्या नोकरीसाठी आर्कान्सात, बेंटनविलला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाबा येतायत, पाच महिने राहतील. जन्मभर खाडीत गरवलेला माणूस. गेल्या खेपेला त्यांनी इथे खिडकीशी बसून परतीचे दिवस मोजले. वसंत आला की ऑफिसातल्या लोकांच्या तोंडी नुसतं ‘क्रॉपी, क्रॉपी’ असतं. बाबांना तिकडे न्यावं म्हणून दुकानात गेलो, तर शंभर तऱ्हेच्या काठ्या आणि हजार रंगांचे रबरी किडे. तीनशे डॉलरचं सामान दुकानातल्या ढकलगाडीत भरलं, मग घाबरून सगळं जागच्या जागी ठेवून आलो. मी स्वतः कधी गरी हातात धरलेली नाही. काय घ्यावं, कुठे जावं, कसं धरावं? आणि ज्या माणसाने मला पोहायला शिकवलं त्याला मी मासे पकडायला काय शिकवणार?

— खाडीकाठकर


प्रिय खाडीकाठकर,

सामान परत ठेवून आलात ते फार चांगलं केलंत. त्यातलं दोनशे डॉलरचं तरी तुम्हाला कधीच लागलं नसतं. आणि बाबांना आणायला तुम्ही एप्रिलचा पहिला आठवडा निवडलात! मुद्दाम निवडला नसेल, पण क्रॉपी धरायला नवख्या माणसाने वर्षातले कुठले पाच आठवडे घ्यावेत असं मला कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन. विमानाचा थकवा उतरला की लगेच पाण्यावर न्या.

मी वेंगुर्ल्याची. इथे फेयेटविलला येऊन बरीच वर्षं झाली, आणि त्यातल्या पुष्कळ संध्याकाळी मी बीव्हर लेकच्या काठावर घालवल्या आहेत. तेव्हा माझं उत्तर तुमच्याच पाण्यातलं आहे.

आधी मासा ओळखून घ्या. क्रॉपी हा अमेरिकेचा गोड्या पाण्यातला मासा, सनफिशच्या कुळातला. लिहितात त्यावरून कुणी क्रॅपी वाचतं, पण इथले बहुतेक लोक क्रॉपीच म्हणतात. खाली लुइझियानात त्यालाच सॅकले म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ दुधाची पिशवी. अंग चपटं, उभट, आपल्या काळुंदरासारखं. बाबांच्या हातात पहिला क्रॉपी आला की त्यांना काळुंदरच आठवेल, बघा. जाती दोन: पांढरा आणि काळा. पांढऱ्याच्या अंगावर उभे फिकट पट्टे असतात, काळ्यावर मिरी उधळल्यासारखे ठिपके. खात्री करायची तर पाठीवरच्या परातले काटे मोजा. पांढऱ्याला पाच-सहा, काळ्याला सात-आठ. खायला दोन्ही सारखेच. साधारण दहा-बारा इंचांचा मासा मिळतो, अर्धा ते एक पौंडाचा. पांढऱ्या क्रॉपीचा जागतिक विक्रम १९५७ सालचा आहे, मिसिसिपीतल्या एनिड धरणावरचा, पाच पौंड तीन औंस. इतक्या वर्षांत तो कुणी मोडलेला नाही. म्हणजे हा आडदांड माशाचा खेळ नाही. नाजूक हाताचा आहे, आणि तसा हात बाबांकडे तयार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पत्रातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही विसरू नका. क्रॉपी वर बघतो. त्याचे डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला असतात, तोंडही वरच्या बाजूला उघडतं, आणि तो आपल्या वरून जाणारं भक्ष्य उचलतो. खाली पडलेलं उचलायला तो सहसा जात नाही. म्हणून गरी माशाच्या पातळीला किंवा त्याच्या थोडी वर हवी. फूटभर वर असली तर तो येऊन घेईल. फूटभर खाली असली तर त्याला ती दिसणारसुद्धा नाही.

मला हे कळायला चार संध्याकाळी लागल्या. मी लहानपणी वेंगुर्ल्याच्या बंदरात शिसं लावून दोरी तळाला सोडायची आणि शेंगाळी काढायची. तीच सवय इथे आणली. जिग, म्हणजे डोक्याला शिशाची गोळी असलेली गरी, तळाला टेकवायचा, थोडा उचलायचा, परत टेकवायचा. चार संध्याकाळी एक मासा लागला नाही. माझ्यापासून वीस पावलांवर एक म्हातारे गृहस्थ बादलीवर बसून एकामागून एक काढत होते. चौथ्या दिवशी त्यांनाच दया आली. जवळ येऊन म्हणाले, तू त्यांच्या पायाखाली शोधतेयस, ते तुझ्या गरीच्या वर आहेत. त्यांनी माझा बॉबर, म्हणजे दोऱ्यावरचा तरंगणारा गोळा, सरकवून गरी चार फूट वर घेतली आणि परत आपल्या बादलीवर जाऊन बसले. दहा मिनिटांत मला पहिला क्रॉपी लागला. जिग तोच, रंग तोच, जागा तीच.

बाबांची सवयही तळाचीच असणार. हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

आता सामान. तुमच्यासाठी एक अल्ट्रालाइट किंवा लाइट स्पिनिंग रॉड घ्या, सहा ते सात फुटांचा, आणि त्यावर १००० आकड्याचं छोटं रील. रॉड-रीलची तयार जोडी मिळते, चाळीस-पन्नास डॉलरांतली पुरे. रॉडचं टोक मऊ असायला हवं. दुकानात टोकाशी बोट लावून बघा, सहज वाकलं पाहिजे. त्यावर चार किंवा सहा पौंडी साधा मोनो, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा, आपला तंगूसच. दुकानदार महागडा विणलेला दोरा दाखवेल, तो राहू द्या. बीव्हरचं पाणी पुष्कळ ठिकाणी काचेसारखं स्वच्छ आहे, त्यात जाड दोरा माशाला दिसतो. आणि मोनो थोडा ताणला जातो, ते या माशाच्या तोंडाला मानवतं. त्यावर पुढे येतेच.

बाबांसाठी रील घेऊ नका. त्यांच्यासाठी दहा-बारा फुटांची लांब काठी घ्या, एकात एक सरकून मिटणारी. दक्षिणेकडच्या राज्यांत क्रॉपी धरायची जुनी रीत हीच आहे. पूर्वी सरळ बांबूची काठी, टोकाला काठीएवढाच दोरा, दोऱ्याला गरी. अजूनही जुने लोक तेच वापरतात. पाण्यात बुडालेल्या झाडाच्या फांद्यांमध्ये गरी अलगद सोडायची आणि सरळ वर उचलायची, याला लांब काठीसारखं दुसरं साधन नाही. स्पिनिंग रील बाबांच्या हातात दिलंत तर पहिला आठवडा गुंता सोडवण्यात जाईल. काठी दिलीत तर पाचव्या मिनिटाला ते तुम्हाला बाजूला व्हायला सांगतील.

बारीकसारीक सामान अगदी थोडं.  जिग १/१६ आणि १/३२ औंसाचे दहा-दहा घ्या. १/१६ म्हणजे पावणेदोन ग्रॅम, १/३२ म्हणजे एक ग्रॅमसुद्धा नाही. हलका जिग सावकाश उतरतो आणि क्रॉपीला सावकाश उतरणारी गोष्ट आवडते; वारा असला की मात्र जड लागतो. त्यावर चढवायला दोन इंची रबरी शेपट्या. रंगांच्या भिंतीपुढे उभं राहून गोंधळू नका. पांढरा घ्या, पोपटी-पिवळा घ्या, आणि काळ्याला पोपटी शेपूट असलेला घ्या. स्वच्छ पाण्यात आणि उन्हात पांढरा, गढूळ पाण्यात पोपटी, अंधार पडताना काळा-पोपटी. मी वर्षानुवर्षं हे तीनच वापरते.

जिवंत आमिष लावायची गरी वेगळी. अॅबरडीन नावाची बारीक तारेची सोनेरी गरी मिळते, तिचा चार नंबर घ्या. तार बारीक असल्यामुळे फांदीत अडकली तर जरा जोर लावल्यावर गरी सरळ होते आणि सुटते, दोरा तुटत नाही. चिमट्याने परत वाकवली की झालं. क्रॉपी झाडाझुडपात राहणारा मासा, त्यामुळे अडकणं रोजचंच. बिघडलं काहीच नाही. याशिवाय थोडे सरकते बॉबर, चिमटून बसवायचे बारीक वजनमणी (शिशाऐवजी कथिलाचे मिळाले तर तेच घ्या), लांब नाकाचा चिमटा आणि लांब दांड्याची जाळी. जाळी टाळू नका. कारण सांगते.

क्रॉपीच्या ओठांमागची कातडी कागदासारखी पातळ असते. इथे त्याला टोपणनावच ‘पेपरमाउथ’ आहे. आपल्याकडे तांबोशी लागली की जोरात हिसका देतात, नाहीतर ती खडकात शिरते. तसा हिसका इथे दिलात तर गरी तोंड फाडून मोकळी बाहेर येते आणि हातात फक्त दोरा राहतो. क्रॉपीला मनगटाने नुसतं वर उचलायचं, देवघरातली समई उचलावी तसं. मग एकसारखा ताण ठेवून आणायचा, ना ढिला ना घट्ट, आणि पाण्यातच जाळी खाली घालून उचलायचा. दोऱ्याला लटकवून वर घेतला की शेवटच्या फुटात पडतो. माझे असे किती पडले याची मोजदाद नाही.

आता बॉबर कसा लावायचा ते. रॉडवरून येणाऱ्या दोऱ्यावर आधी एक छोटी दोऱ्याची गाठ येते, ती पाकिटात तयार मिळते. तिच्या खाली मणी, मग सरकता बॉबर, मग वजनमणी, शेवटी गरी. गाठ जिथे ठेवाल तिथे बॉबर अडतो आणि गरी तेवढ्याच खोलीवर लोंबते. फेकताना मात्र सगळं खाली गोळा होतं, त्यामुळे दहा फूट खोलीसुद्धा सहज फेकता येते. तळ किती खोल आहे हे कळायला सोपी युक्ती आहे: बॉबर आडवा पडला तर वजन तळाला टेकलंय. गाठ थोडी थोडी खाली सरकवत राहा. बॉबर ताठ उभा राहिला की गरी तळापासून सुटली. तिथून फूटभर वर घ्या आणि सुरुवात करा. पाच-सात मिनिटं काही झालं नाही तर आणखी फूटभर वर. मग आणखी. रंग बदलायची घाई करू नका. आधी खोली बदला, मग जागा, आणि सगळ्यात शेवटी रंग. नवखे लोक याच्या बरोबर उलट करतात आणि डबे भरभरून रंग विकत घेतात. एक मासा लागला की मात्र हलू नका. क्रॉपी थव्याने राहतो. एक जिथे होता तिथे त्याच खोलीवर दुसरा असतोच. गाठ तिथेच ठेवा.

चावा कसा कळतो, हे बाबांना नीट सांगावं लागेल. त्यांच्या अनुभवात मासा लागला की दोरी खाली जाते. क्रॉपीही बॉबर खाली नेतो, पण पुष्कळदा तो खालून येऊन आमिष उचलतो आणि वरच जात राहतो. मग वजन हलकं होतं आणि बॉबर पाण्यावर आडवा पडतो, किंवा किंचित उंच उठल्यासारखा होतो. बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी अडकलं किंवा तळ लागला. तो चावा असतो. बॉबरने जे नेहमी केलं नाही असं काहीही केलं की मनगट उचलायचं. काठीने बॉबरशिवाय धरत असाल तर दोरा अचानक ढिला पडतो. बाबा तंगूस तर्जनीवर धरून बसत असतील, तर त्यांना ते तुमच्या आधी कळेल.

जिग वापरताना आणखी एक बारकावा. जिग पाण्यात आडवा लोंबायला हवा, पोहणाऱ्या पिल्लासारखा. प्रत्येक माशानंतर गाठ कड्यावर पुढे सरकते आणि जिग नाक वर करून उभा लोंबायला लागतो. बोटाने गाठ मागे सरकवून तो परत आडवा करा. दोन सेकंदांचं काम आहे, पण ते न करणाऱ्याला मासा लागणं थांबतं आणि का थांबलं ते कळत नाही. हलवायचं तर फारच थोडं. हात स्थिर धरलात तरी श्वासाने जेवढा हलेल तेवढा पुरतो.

जिवंत आमिष म्हणजे मिनो, दीड-दोन इंची बारीक मासे, तलावाजवळच्या आमिषाच्या दुकानात डझनावर मिळतात. गरी दोन्ही ओठांतून घाला किंवा पाठीवरच्या पराखाली, कण्याला न लावता; मग तो बराच वेळ जिवंत पोहत राहतो. पहिल्या दिवशी मिनोच न्या. जिगने मासा धरणं जास्त आनंदाचं आहे असं माझं मत, पण पहिल्या दिवशी बाबांना मासा लागणं गरजेचं आहे, आणि मिनोवर तो लवकर लागतो.

आता भरती-ओहोटीबद्दल. बाबा पहिला प्रश्न हाच विचारतील, भरती कधीची? इथे भरती नाही. बीव्हर हे व्हाइट नदीवरचं धरण, आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सनं १९६० च्या दशकात बांधलेलं, १९६६ ला पुरं झालेलं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला येणारं पाणी यातलंच आहे. पाणी चढतं-उतरतं ते पावसाने आणि धरणातून सोडण्याने. इथली भरती म्हणजे पाण्याचं तापमान आणि उजेड. पाच-दहा डॉलरचा थर्मामीटर घ्या आणि दोऱ्याला बांधून बाबांच्या हाती द्या. भरतीची वेळ पाठ असणारा माणूस आकड्यांची वही ठेवायला लागेल, पाहा.

हिवाळाभर खोल पाण्यात थांबलेले क्रॉपी पाणी १२-१३ अंश सेल्सियसला आलं की काठाकडे सरकू लागतात. १५ ते २० अंशांत अंडी घालायला उथळ पाण्यात येतात. त्या वेळी नर काळपट होतो, घरट्यावर पहारा देतो आणि जवळ आलेल्या कशावरही धावतो. आपल्या भागात हे साधारण एप्रिलचा मध्य ते मेची सुरुवात. इथले जुने लोक थर्मामीटर बघत नाहीत, डॉगवुडची पांढरी फुलं बघतात. झाड फुललं की क्रॉपी काठाला आला. बेंटनविलच्या रस्त्यांवरही डॉगवुड आहेत, बाबांना आधीच दाखवून ठेवा. अंडी घालायला मासा किती उथळ येईल ते पाण्याच्या रंगावर ठरतं: गढूळ पाण्यात दोन-चार फुटांवर, स्वच्छ पाण्यात त्याहून बरंच खोल. म्हणून काठावरून धरणाऱ्याने धरणाकडच्या निळ्याशार पाण्याच्या मोहात पडू नये. नदी दक्षिणेकडून येते, त्यामुळे तलावाचं दक्षिणेकडचं टोक जरा गढूळ आणि उथळ. हिकरी क्रीक आणि वॉर ईगलची बाजू क्रॉपीसाठी मला सगळ्यात आवडते. तुम्हाला जवळचं म्हणजे रॉजर्सजवळचं प्रेरी क्रीक. आधी एकदा नुसतं पाणी बघायला तिथे जायला हरकत नाही. ही कोअरची पार्कं आहेत, काही ठिकाणी गाडीचे थोडे पैसे पडतात. लोकांच्या खाजगी धक्क्यांवर पाय ठेवू नका.

काठावर गेल्यावर काय शोधायचं? पाण्यात काहीतरी उभं. पडलेलं झाड, बुडालेली झुडपं, धक्क्याचे खांब, पुलाचे खांब. क्रॉपी उघड्या तळावर फारसा राहत नाही, त्याला काहीतरी आडोसा लागतो. आर्कान्साचं गेम अँड फिश कमिशन मुद्दाम झाडं बुडवून माशांसाठी घरं करतं आणि त्यांच्या जागा नकाशावर देतं. ख्रिसमसनंतर लोकांनी टाकलेली खरी झाडं गोळा करून तीसुद्धा याच कामाला लावतात. तो नकाशा फोनवर उघडा आणि काठाजवळची एखादी जागा निवडा.

मे सरला की मासा परत खोल जातो आणि काठावरून कठीण होतं. जून-जुलैत दुपारी जाऊच नका, बाबांना तो उन्हाळा सोसणार नाही. सूर्य मावळल्यावर पुलाखाली किंवा दिव्याच्या उजेडात जा. पाण्यात सोडायचा हिरवा दिवा मिळतो. उजेडाला बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे शॅड नावाचे बारीक मासे येतात आणि शॅडमागे क्रॉपी. आपल्याकडे रात्री पेट्रोमॅक्स लावून मासे जमवतात ते बाबांनी पाहिलं असेलच. पार्क रात्री किती वाजता बंद होतं ते आधी बघून ठेवा. हिवाळ्याचं मी लिहीत नाही, तोवर बाबा देवगडात असतील.

परवान्याचं विसरू नका. सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला लागतो, गरी धरणाऱ्या प्रत्येकाला वेगळा. तुमचा रहिवाशाचा, बाबांचा बाहेरच्या माणसाचा. पासष्टीच्या वरच्यांना स्वस्त परवाना मिळतो असं कुणी सांगेल, पण ती सवलत राज्याच्या रहिवाशांना आहे, पाहुण्यांना नाही. पाहुण्यांसाठी थोड्या दिवसांचा मिळतो आणि वर्षाचाही. पाच महिने राहणार असतील तर वर्षाचाच परवडेल. दिवसाला किती मासे ठेवायचे आणि किमान किती इंचांचे, याचे नियम तलावागणिक वेगळे असतात आणि बदलतात. त्या वर्षीची पुस्तिका कमिशनकडून घ्या, पेटीत इंचांची पट्टी ठेवा. बाबांना हे पटवणं जड जाईल. खाडीतला मासा मोजून कुणी परत सोडत नाही. पण लहान मासा ठेवला तर दंड तुमच्या नावावर येतो. ओल्या हाताने धरा, पटकन सोडा. तीस फुटांहून खोल पाण्यातून काढलेला मासा सोडला तरी बहुधा जगत नाही, म्हणून छोटे मासे लागत असतील तर खोल पाण्यातून उठा.

काठावर जाताना लांब पँट, बूट आणि मोजे. आर्कान्साच्या गवतात वसंतापासून गोचीड असतात आणि त्यांच्या चावण्याने खरंच आजार होतात. घरी आल्यावर बाबांचं अंग तपासा. ओल्या दगडांवर चपलेने उतरू देऊ नका. ते म्हणतील, मी खडपांवर वाढलो. तरीही नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला. तुम्ही त्यांना मासे पकडायला शिकवणार नाही आहात. फक्त या पाण्याचं वेगळेपण सांगणार आहात: मासा वर बघतो, तोंड कागदाचं आहे, भरतीच्या जागी तापमान. इतकं सांगा आणि गप्प बसा. बाकी पाण्यावर वाकून बघणं, कुठे बुडबुडे येतात, वारा कुठून कुठे ढकलतोय, हे त्यांना तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही जास्त कळतं. मग तुम्ही त्यांना विचारा, गाठ कशी मारू? दोरा बोटावर कसा धरू? तुम्ही आयुष्यात कधी गरी धरली नाही असं लिहिलंत. त्यांना ते माहीत आहे आणि मला वाटतं, थोडं लागूनही असेल. माझे वडील इथे एकदाच आले होते. मी सगळं सामान तयार करून, गरीला मिनो लावून, काठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी अर्ध्या तासात ती खाली ठेवली आणि गाडीत जाऊन बसले. मी त्यांना काहीच करायला ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी गरी मुद्दाम चुकीची बांधली. त्यांनी माझ्या हातातून ती ओढून घेतली, आणि मग अंधार पडेपर्यंत उठले नाहीत.

मासा घरी आणलात की चव हा विषय निघणारच. माझे वडील म्हणाले होते, “हंय पाणी खारा नाय, मगे माश्याक चव खयसून येतली?” खाऱ्या पाण्याच्या माणसाचं हे म्हणणं मी खोडणार नाही. पण क्रॉपीचं मांस पांढरं, गोडसर, मऊ असतं, चिखलाचा वास नसतो. मुडदुशीच्या जवळ जाणारं. अट एकच, धरल्या क्षणापासून बर्फ. बादलीत मेलेला मासा तासाभर उन्हात राहिला की कुठलाही मसाला त्याला वाचवत नाही. इथले लोक दोन्ही बाजूंचे तुकडे काटे काढून कापतात आणि मक्याच्या पिठात तळतात, तेही छान लागतं. आपण खवले काढून, पोट साफ करून, डोकं उडवून अख्खाच घ्यावा. अंगावर तिरक्या चिरा, हळद, मीठ, तिखट, कोकमाचं आगळ. वीस मिनिटं ठेवा, मग रवा आणि थोडं तांदळाचं पीठ लावून तव्यावर. कालवणात घालू नका, विरघळून जातो. घालायचाच तर आमटी उकळल्यावर, गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी. या तलावातला मासा कोणी किती खावा याच्या आरोग्य खात्याच्या सूचना असतात, त्याही एकदा बघून घ्या, विशेषतः घरात लहान मूल किंवा गर्भवती बाई असेल तर.

आणि उरलेले मिनो तलावात सोडू नका, कितीही दया आली तरी. दुसऱ्या पाण्यातला मासा आणि रोग त्याबरोबर येतो. बाबा ते फेकूही देणार नाहीत, मला माहीत आहे. कोणी शेजारी धरत बसला असेल तर त्याला बादलीसकट देऊन टाका. तिथून गप्पा सुरू होतील, आणि बाबांना इंग्रजी येत नसलं तरी त्या माणसाला बोटांनी ते विचारतील, किती फुटांवर?

— तुमची ताई